ढगांची अट

माझं काम नेमकं काय आहे, हे आमच्या घरात एकट्या दादाला कळलं होतं. आईला वाटायचं मी सरकारी नकाशे काढते. वहिनीला वाटायचं मी कॉल सेंटरमध्येच आहे, फक्त तिथे बोलावं लागत नाही.

पुण्याला शिकून मी तिथल्याच एका संशोधन गटात लागले होते. लॉकडाउनमध्ये घरी आले आणि पुढेही घरूनच काम चालू राहिलं. आमचं गाव कर्जत-चौक रस्त्यापासून थोडं आत, मागे माथेरानचा डोंगर. आमचा प्रकल्प सह्याद्रीतल्या जंगलाचा होता. गेल्या काही वर्षांत कुठली झाडी गेली, कुठली वाढली, कुठे फार्महाउसं उठली, हे उपग्रहांनी काढलेल्या चित्रांवरून मोजायचं. मोजणारी माणसं पुण्यात बसायची. ती चित्रं गोळा करून त्यांच्या हातात देणं हे माझं काम.

ऐकायला सोपं वाटतं. उपग्रह दर काही दिवसांनी त्याच जागेवरून जातो, चित्र घेतो आणि ते परदेशातल्या सर्व्हरवर कुणालाही फुकट मिळतं. पण एकेक फाईल सिनेमाएवढी मोठी, आणि आम्हाला हव्या होत्या अख्ख्या घाटाच्या, कितीतरी वर्षांच्या. हाताने एकेक उतरवत बसले असते तर आयुष्य पुरलं नसतं. म्हणून स्क्रिप्ट लिहायची. संगणकाला एकदाच सांगून ठेवायचं की हा भाग, ह्या तारखा, ह्यातल्या मिळतील तेवढ्या फाईली शोध, एकेक करून आण, मध्ये तुटली तर तुटली तिथून पुढे आण, पूर्ण आली का ते तपास आणि मग पुढची घे. जुन्या फाईली तर लगेच मिळतही नसत. आधी मागणी नोंदवायची, मग त्या कुठल्याशा खोल साठ्यातून वर यायच्या, आणि त्यानंतर उतरवायच्या. शिवाय थोड्या थोड्या वेळाने आपली परवानगी संपायची, ती स्क्रिप्टने आपली आपण पुन्हा मागून घ्यायची.

दादा मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत स्टोअरला होता. टँकर आत घेणं, रिकामे करून बाहेर सोडणं हे त्याचं काम. एकदा संध्याकाळी चहा पिताना मी त्याला हे सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हंजे आमच्यासारखंच की गं. गेटपास संपला की गाडी भाईर उभी. नवा पास काढायचा, मग आत." तेव्हापासून त्या परवानगीला आमच्या घरात गेटपासच म्हणायचे. कंपनीच्या बसमधून चौकला उतरून, तिथून बाइकवर तो घरी आला की हातपाय धुवायच्या आधी माझ्या खोलीच्या दारात यायचा आणि आज किती गाड्या आल्या ते विचारायचा. किती मध्येच अडकल्या, का अडकल्या, तेही विचारायचा. मला वाटतं त्याला ते खरंच आवडायचं. आपण झोपलेलो असताना, जेवत असताना काहीतरी एका मागे एक येतंय आणि नीट लागतंय, याचं त्याला समाधान होतं.

घरात इंटरनेटची वायर आली ती त्याच्यामुळे. आधी मी मोबाइलवर भागवत होते आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात फोन टांगून ठेवायचे. दादाने केबलवाल्याचा इतका पिच्छा पुरवला की तो माणूस आमच्या गावात यायचंच टाळू लागला. शेवटी दादाने स्वतः बांबू तोडून बांधाच्या कडेने रोवले आणि रस्त्यावरून आमच्या घरापर्यंत वायर ओढून घेतली. आई म्हणाली, पोराने एवढी मेहनत स्वतःच्या लग्नात केली नव्हती. वहिनी हसली होती तेव्हा. तिचं माहेर दहिवली. लग्नाला दोनएक वर्षं झाली होती आणि ती घरीच ब्लाउज शिवायची. तिची शिलाई मशीन आतल्या खोलीत आणि माझा संगणक बाहेरच्या, दोन्हींचा आवाज दिवसभर चालायचा.

स्क्रिप्टमध्ये मी एक अट घातली होती. ज्या चित्रात ढग फार असतील ते आणायचंच नाही. ढगाळ चित्राचा आम्हाला काही उपयोग नव्हता, खाली काय आहे ते दिसत नाही आणि जागा मात्र तेवढीच अडते. त्यामुळे आमच्या साठ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंतचं जवळजवळ काही नसायचं. दादाने एकदा ते सरकवत सरकवत बघितलं. मेमधला तपकिरी डोंगर आणि त्याच्या पुढे एकदम ऑक्टोबरमधला हिरवागार.

"पावसाळ्यात आपला गाव नसतोच का मग?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, असतो, आपण आणत नाही.

तो श्रावणातला रविवार होता. दादाची साप्ताहिक सुट्टी. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी डोंगरात रानभाज्या काढायला जायचं हे त्याचं लहानपणापासूनचं. सुरुवातीला शेवळी, मग कुरडू, फोडशी, आणि श्रावणात करटोली. करटोली बाजारात मिळतात, कर्जतच्या पुलाजवळ वाडीवरच्या बायका वाटे लावून बसतात, पण त्याला स्वतः वेलावरून काढलेलीच हवी असायची. लग्न झालं त्या वर्षी तो वहिनीलाही घेऊन गेला होता. ती पायांना चिकटलेल्या जळवा काढत काढत परत आली आणि पुन्हा येणार नाही म्हणाली.

त्या सकाळी पाऊस उघडला होता. दादाने चहा-चपाती खाल्ली, कापडी पिशवी घेतली, कोयती घेतली, निळा रेनकोट अंगात घातला. दुपारच्याला येतो म्हणाला. जाताना माझ्या दारातून डोकावला तेव्हा मी बोलण्यात होते, पुण्याशी मीटिंग चालू होती, रविवार असूनही. त्याने हातानेच जातो म्हणून खूण केली आणि मीही हात केला. मला तो शेवटचा असा दिसला. त्यात विशेष काही नव्हतं. रोज जसा दिसायचा तसाच दिसला.

दुपार झाली, तो आला नाही. जेवणं थांबली होती. मग पाऊस आला, आणि आमच्याकडे श्रावणातला पाऊस उन्हाबरोबर खेळून जाणारा असतो तसा तो नव्हता. डोंगर दिसेनासा झाला. वहिनी छत्री घेऊन बांधापर्यंत जाऊन आली. आई म्हणाली, कुठेतरी आडोशाला थांबला असेल. फोन लागत नव्हता, पण वर रेंज नसतेच, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. चहाची वेळ टळून गेली तेव्हा शेजारचे काका आणि गावातली चार माणसं वर गेली. ती काळोख पडल्यावर परत आली आणि त्यांच्याबरोबर दादा नव्हता.

पुढच्या दिवसांचं मला सलग आठवत नाही. पोलीस आले. डोंगरात अडकलेल्यांना काढणारी ट्रेकर पोरं आली, दोर, शिट्ट्या घेऊन. वाडीवरची ठाकर माणसं आली. कुत्रा आणला, पण पावसाने सगळे वास धुऊन नेले होते. रोज सकाळी माणसं वर जायची आणि रोज आई अंगणात उभी राहून ती खाली येताना मोजायची. जेवढी गेली तेवढीच परत यायची. नंतर नंतर वर जाणारे कमी झाले. त्या ट्रेकर पोरांतला मोठा होता तो एका दुपारी आमच्या ओट्यावर बसला, बूट काढले आणि म्हणाला की आता पाऊस थांबेपर्यंत काही करता येणार नाही. मग तो रडला. आईने त्याला पाणी दिलं.

गणपती आले. सुतक धरायचं की नाही, हे कुणाला सांगता येईना. शेवटी आमचा गणपती काकांच्या घरी बसवला. बायका भेटायला यायच्या आणि वहिनीच्या गळ्याकडे बघायच्या. ती मंगळसूत्र पदराखाली घ्यायला लागली होती.

अशाच एका सकाळी आई माझ्या खोलीत आली. एरवी ती दारातूनच बोलायची. ती आत आली, खुर्चीमागे उभी राहिली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"बाय," ती म्हणाली, "तू आभाळातनं सगळं बगतेस ना? मग त्याला बग की."

मी तिला समजावून सांगितलं. आमच्या चित्रात सगळ्यात छोटा ठिपका असतो तोच एका खोलीएवढा, आपलं अख्खं घर म्हणजे दोन-तीन ठिपके, माणूस त्यात दिसणं शक्य नाही. ती नीट ऐकत होती.

"घर दिसतं ना?" तिने विचारलं.

"घर दिसतं."

"मग झालं," ती म्हणाली आणि माझ्या पलंगाच्या कडेवर बसली.

मी पुण्याला सरांना फोन केला. आमचे सर फार कमी बोलणारे. मी काय करणार आहे ते ऐकून घेतलं आणि म्हणाले की प्रकल्पाचं काम राहू दे, सर्व्हरवरची आपली जेवढी मर्यादा आहे ती सगळी तू वापर. मग मी स्क्रिप्ट उघडली. अख्ख्या घाटाऐवजी आमच्या डोंगराचा चौकोन टाकला. तारीख टाकली त्या रविवारपासून पुढची. आणि ढगांची अट काढून टाकली. एक ओळ होती, ती पुसली.

माणूस दिसणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी ते अगदीच आईच्या समाधानासाठी केलं असं नाही. डोंगराची एखादी बाजू खचली असेल, दरड आली असेल, तर तिचा ओरखडा चित्रात दिसू शकतो. दादा तिच्याखाली असेल असं मी मनातसुद्धा पूर्ण वाक्यात म्हणत नव्हते. पण जुन्या चित्रात हिरवं आणि नव्या चित्रात उघडी माती अशी जागा सापडली तर शोधायला एक ठिकाण तरी मिळेल, एवढं मला वाटत होतं.

पहिली फाईल आली ती पांढरी. उघडली तर पडदाभर पांढरं, कुठे जरा करडी झाक. आईने विचारलं हे काय, मी सांगितलं ढग. पुढचीही तशीच. त्याच्या पुढची एका कोपऱ्यात फाटलेली, तिथून मोरबे धरणाचं थोडं पाणी दिसत होतं आणि बाकी पांढरं. आई पुढे वाकली. तिने पडद्याला हात लावला नाही, हवेतच हात फिरवला.

"ह्याच्याखाली हाय तो," ती म्हणाली.

त्यानंतर तिचा क्रमच ठरून गेला. उपग्रह कधी येणार ते तिला मला विचारावं लागत नसे, तिने ते मनाशी धरून ठेवलं होतं. त्या दिवशी ती सकाळीच अंघोळ करून, देवापाशी दिवा लावून माझ्या खोलीत येऊन बसायची. मी सांगायचे की उपग्रह अजून वर आलेला नाही, आला तरी फाईल सर्व्हरवर यायला वेळ लागतो. ती म्हणायची, तू तुझं काम कर, मी बसते. मध्ये लाईट गेली की घाबरायची. आलेली अर्धी फाईल वाया जात नाही, पुढची तेवढीच येते, हे मी तिला कितीदा सांगितलं असेल. तरी ती खिडकीतून आभाळाकडे बघायची आणि तिथे ढग दिसले की तिचा चेहरा उतरायचा.

ढगांतून आरपार बघणाराही एक उपग्रह आहे. त्याच्या फाईली वेगळ्या, आणखी मोठ्या, उघडायला किचकट. त्याही मी आणल्या. त्यात रंग नसतात, सगळं राखेसारखं दाणेदार दिसतं. ओलं आणि कोरडं त्यातून कळतं, चढ-उतार कळतो. आई ती चित्रं बघायला तयार नव्हती. तिला ती अशुभ वाटायची.

त्या राखाडी चित्रांतून आणि मधूनमधून फाटलेल्या ढगांतून मला दोन जागा सापडल्या, पूर्वी झाडी होती आणि आता उघड्या पडल्यासारख्या. मी त्या ट्रेकर पोरांना कळवल्या. ती पुन्हा आली, भर पावसात दोन्हीकडे जाऊन आली. एका ठिकाणी खरंच छोटी दरड होती. त्यांनी तिथली माती हातांनी उकरून बघितली. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी शेतघरासाठी जमीन सपाट केली होती.

वहिनी यातल्या कशात नव्हती. फाईली यायच्या दिवशी ती माझ्या खोलीसमोरून जायचीही नाही, मागच्या दाराने ये-जा करायची. ब्लाउज शिवायला घ्यायची, पण मशीन सुरू होऊन लगेच थांबायची. एकदा मी पाणी प्यायला आत गेले तर ती सुईत दोरा ओवत होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, आईंना असं बसवून ठेवू नकोस. रोज तीच माणसं त्यांना शोधायला जाऊन परत येतायत असं वाटतं मला." मी परत येऊन बसले. आई पलंगावर तशीच होती.

ऑक्टोबरात आभाळ स्वच्छ झालं. सरांनी ओळखीतून कुणाशी तरी बोलून आमच्या डोंगराचं एक बारीक चित्र मिळवलं. असली चित्रं विकत घ्यावी लागतात आणि आमच्यासारख्यांना ती परवडत नाहीत. ते कुणी दिलं, कसं दिलं, सरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एका सकाळी ती फाईल उतरवायला लावली. ती दोनदा अडकली. तिसऱ्यांदा पूर्ण आली.

ते चित्र वेगळंच होतं. एकेक झाड सुटं दिसत होतं. काकांचा टेंपो दिसत होता. आमच्या घराची कौलं, मागची पाण्याची टाकी आणि अंगणातल्या दोरीवर एक लालसर रेघ, ती आईची वाळत घातलेली साडी होती. आईने वहिनीला हाक मारली, बघ तरी ये, आपलं घर दिसतंय म्हणून. मला वाटलं ती येणार नाही. ती आली. हातात मोजपट्टी होती ती गळ्यात टाकली आणि माझ्या खांद्यापाशी वाकली.

तिने घर बघितलं. मग तिचं बोट घरापासून निघालं. बांध, ओढा, आंब्याची दोन झाडं, तिथून पायवाट झाडीत शिरते तिथे शिरलं. ज्या वाटेने तो तिला एकदा घेऊन गेला होता त्याच वाटेने ती चालली होती, हे मला जरा उशिरा कळलं. वर पठाराच्या कडेला बोट थांबलं. तिथे निळा ठिपका होता.

"हा त्यांचा रेनकोट," ती म्हणाली.

मी ती जागा मोठी करून बघितली. निळा रंग खरा होता. मी मोजलं. तो निळा तुकडा काकांच्या टेंपोपेक्षाही मोठा होता. वहिनी, हे मोठं आहे, मी म्हटलं. ती म्हणाली, पसरला असेल. मी पुन्हा सांगितलं की कितीही पसरला तरी रेनकोट एवढा होत नाही, हे दुसरंच काहीतरी आहे. तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काही हललं होतं, आणि मी ती जागा फोनमध्ये टाकून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो, वहिनी, मी आणि सोबतीला काका. आई येते म्हणत होती, तिला थांबवलं. पाऊस जाऊन गवत छातीएवढं वाढलं होतं आणि पिवळं पडायला लागलं होतं. वहिनी सगळ्यांच्या पुढे चालत होती. तिला दम लागत होता, पण ती थांबत नव्हती. मी फोनमध्ये जागा टाकून आणली होती, त्याची गरज पडली नाही.

पठाराच्या कडेला ठाकरवाडीचं शेवटचं घर होतं आणि त्याच्या बाजूला लाकडं रचून त्यावर निळी ताडपत्री बांधलेली. नवी होती, उन्हात चकाकत होती. वहिनी तिच्यापाशी गेली. तिने एक कोपरा हातात धरला, उलटा करून बघितला, मग परत नीट बसवला आणि त्यावरचा दगड होता तसा ठेवला.

घरातून एक बाई बाहेर आली. तिने आधी पाणी आणलं, मग विचारलं. काकांनी सांगितलं कोण आणि कुठून ते. तेव्हा तिने वहिनीचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं. दादाला ती ओळखत होती. दर पावसाळ्यात तो इथे पाणी प्यायला थांबायचा, एकदा तिच्या पोरीला चॉकलेट देऊन गेला होता, आणि माझी बायको जळवांना घाबरते असं हसून सांगायचा. त्या रविवारी मात्र तो त्यांच्याकडे आला नव्हता. ते त्यांनी तेव्हाच पोलिसांनाही सांगितलं होतं. ताडपत्री पावसाआधीच बांधली होती.

वहिनी ऐकत होती. जळवांचं ऐकलं तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला. बाईने तिला तसंच राहू दिलं. काका लांब जाऊन उभे राहिले.

खाली येताना वाटेत ती एका दगडावर बसली. मी तिच्या शेजारी बसले.

"मला वाटलं, मी ओळखीन," ती म्हणाली.

घरी आलो तर आई अंगणात उभी होती. तिने आम्हाला मोजलं आणि आत गेली.

दादा सापडला तो दिवाळीनंतर. गवत कापायचे दिवस होते. वाडीवरची दोन माणसं पळालेल्या शेळीमागे एका घळीत उतरली, जिथे एरवी कुणी उतरत नाही. त्यांना आधी बूट दिसला. पोलीस आले, पंचनामा झाला, काकांनी कंपनीच्या पट्ट्याचं बकल आणि कोयती ओळखली. रेनकोटही होता, पालापाचोळ्यात रुतून मातीच्या रंगाचा झालेला. घळीच्या वरच्या कडेला करटोलीचे वेल होते, तोवर ते वाळून गेले होते. तो तिथे वाकला असणार आणि ओली कड सुटली असणार, असं सगळे म्हणाले. दुसरं काही असल्याचं दिसत नव्हतं. ट्रेकर पोरं शोधत होती ती त्या घळीच्या पलीकडच्या धारेवरून कितीदा तरी गेली होती.

डीएनए तपासणीसाठी माझं आणि आईचं रक्त घेतलं. उत्तर यायला फार दिवस लागले. ते आलं त्या दिवशी आम्हाला एवढंसं गाठोडं मिळालं, एका हातावर मावेल असं. नदीकाठी नेलं. वहिनीने मंगळसूत्र स्वतःच काढलं, कुणाला हात लावू दिला नाही.

ती घळ मी नंतर सगळ्या चित्रांत शोधली. ती होती प्रत्येक चित्रात. उपग्रह सकाळी येतो, तेव्हा ऊन कड्याच्या पलीकडे असतं आणि घळ सावलीत. बारीक चित्रातसुद्धा तिथे काळी चीर होती. त्या चिरेवरून वहिनीचं बोट गेलं असेल की नाही, मला सांगता येणार नाही.

सरांनी काही विचारलं नाही. मीच काही दिवसांनी स्क्रिप्टमध्ये घाटाचा चौकोन परत टाकला, ती पुसलेली ओळ परत लिहिली आणि कामाला लागले. त्या पावसाळ्यातल्या पांढऱ्या फाईली अजून डिस्कवर आहेत. जागा कमी पडली तेव्हा मी दुसरी डिस्क घेतली. वहिनी वर्षश्राद्धापर्यंत राहिली आणि मग दहिवलीला गेली. आईनेच तिला पाठवलं, अजून वय आहे तुझं म्हणाली. कर्जत स्टेशनच्या बाजूला एका दुकानात ती आता शिवते. सणाला येते. आली की आई आणि ती दोघी मागच्या पडवीत बसतात.

मध्यंतरी एकदा आई पुन्हा माझ्या खोलीत आली. बऱ्याच दिवसांनी. तिने ते बारीक चित्र दाखव म्हणून सांगितलं. मी उघडलं. तिने कुठे ते विचारलं आणि मी ती काळी चीर दाखवली. ती पलंगाच्या कडेवर बसून बघत राहिली. मग बोट घरावर ठेवलं, तिथून उचलून चिरेवर ठेवलं.

"तिथनं आपलं घर दिसत असल का गं?"

हे काढता येतं. डोंगराच्या उंचीच्याही फाईली असतात, त्या माझ्याकडे आहेत, आणि एका जागेवरून दुसरी जागा दिसते की मध्ये काही आड येतं ते संगणक क्षणात सांगतो. कितीतरी वेळा मी दुसऱ्यांसाठी ते काढून दिलं आहे.

"दिसतं," मी म्हणाले.

ती उठली आणि भात टाकायला आत गेली. मी ते गणित केलेलं नाही.